साल धरेपर्यंत

नोट प्रेसमध्ये भोंगा व्हायचा.
भोंगा झाला की हात थांबवायचे, भोंगा झाला की डबा उघडायचा.
तेहतीस वर्षं मला कुणी विचारलं नाही
की झालं का, वेळ आली का, तुला काय वाटतं.

आता जेलरोडच्या गच्चीवर
सिमेंटच्या तीन गोण्या आहेत, कडा दुमडलेल्या.
टोपलीतले डोळे फुटलेले बटाटे
कापून, राखेत घोळवून
दिवाळीनंतर पुरले होते त्यांत.
माघ लागला.
भोंगा नाही.

खालच्या मजल्यावरचे गायधनी द्राक्षवाले.
त्यांच्याकडे नळीसारखं यंत्र आहे,
थेंबभर रस टाकून डोळ्याला लावायचं,
साखर किती ते आकड्यात दिसतं.
मी त्यांना वर नेलं.
गोण्यांभोवती दोन फेऱ्या मारून त्यांनी यंत्र खिशात ठेवलं,
म्हणाले, वहिनी, द्राक्ष निदान लोंबतं तरी.

देवराम गावित, आमचा वॉचमन, सुरगाण्याकडचा,
खालूनच ओरडून विचारतो, पाल्यानं मान टाकली का?
अर्धी टाकली.
मग पाणी तोडा, म्हणतो,
आणि जिना चढू नका काही दिवस.
सारखं बघितलं की बटाटा लाजतो.

पाणी तोडलं.
जिना चढले.
निफाडकडचा वारा पहाटे असा की
नळाला हात लावला तर चटका बसावा.
पानं पिवळी, मग तपकिरी, मग कागदासारखी.
कागद मला कळतो. ओला गप्प असतो, कोरडा वाजतो.
पानं वाजायला लागली होती.

एका रात्री बॅटरी तोंडात धरून
कोपरापर्यंत हात घातला, स्वतःच्याच गोणीत, चोरासारखा.
अंड्याएवढं काहीतरी गार लागलं.
ओढून काढलं, अंगठा फिरवला,
साल सुटली, ओल्या तिकिटासारखी.
मला कसंतरीच झालं.
उकडून, मीठ लावून, ओट्यापाशी उभ्याउभ्याच खाल्ला.
चव चांगली होती. त्याचंच वाईट वाटलं.

हा अंगठा.
बंडलं मोजून मोजून त्याच्या रेघा पुसल्या गेल्या.
नोव्हेंबरात बँकेत हयातीच्या दाखल्याला यंत्रावर ठेवला,
यंत्र म्हणालं, पुन्हा ठेवा. पुन्हा ठेवा.
सातव्यांदा काउंटरवरच्या मुलीनं
तो स्वतःच्या ओढणीला पुसला,
शेवटी डोळ्यांवर भागलं.
मी जिवंत आहे एवढंही ज्याला सांगता आलं नाही
त्यालाच आता विचारते आहे, तयार झाला का?

वन्संचा सातपूरहून रोज फोन,
अगं काढ एकदाचे, बाजारात ढिगानं पडलेत.
मी म्हणते, हो, उद्या.

सतरा दिवस गेले.
अठराव्या दिवशी, बुधवारी, कपडे वाळत घालायला गेले होते.
वारा पडला होता. हातात चिमटे होते.
वाटलं, आज.
का, ते विचारू नका.
एक चाचपून काढला, अंगठ्यानं चांगला जोर लावला.
साल हलली नाही.
माझ्याच अंगठ्याची थोडी निघाली, थंडीनं फुटलेली.

गोण्या उलट्या केल्या. वर्तमानपत्रावर मांडले,
दहा-दहाच्या रांगा, सवय जात नाही.
एकेचाळीस.
पुन्हा मोजले.
चाळीस.

प्रेसमध्ये एक कागद कमी भरला तर
गेट बंद, अख्खी पाळी उभी.
एकदा रात्रीचे दहा वाजले,
शोभना अरिंगळेचं पोर अंगावर पिणारं, तिचा पदर भिजला,
तरी गेट उघडलं नाही.

टाकीखाली घरंगळला असेल.
वाकून बघितलं. अंधार, ओल,
काहीतरी गोल होतं, की नव्हतं.
राहू दे.
पाटी कमरेवर घेऊन जिन्याचं दार लोटलं,
कडी घातली नाही.